निवडणाराची चूक

मनुष्य चुकतो हें सांगण्यास तत्त्वज्ञाची आवश्यकता नाहीं. परंतु तो नेमका केव्हां चुकला हें सांगण्याची पाळी आली म्हणजे भल्याभल्यांची वाचा बसते. विशेषतः जो स्वतः कांहीं करीत नाहीं, कोणीं करावें एवढेंच ठरवितो, त्याच्या बाबतींत हा प्रश्न फारच बिकट होतो. सुतारानें केलेलें दार चौकटींत बसलें नाहीं तर त्याची चूक सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी असते. पण ज्यानें मुलीसाठीं स्थळ पसंत केलें, शाळेसाठीं शिक्षक नेमला किंवा सामन्यासाठीं अकरा गडी निवडले, त्याची चूक दुसऱ्याच्याच अंगावर उमटते. आणि तीहि पुष्कळदां इतक्या उशिरा, कीं तोंपर्यंत निवडणारे गृहस्थ हारतुरे घेऊन निवृत्त झालेले असतात. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे तो अशा निवडणाराचा. उदाहरणें खेळांतलीं घेतलीं आहेत तीं विषय हलका व्हावा म्हणून नव्हे. खेळांत धांवा मोजल्या जातात, बळी मोजले जातात, तारखा नोंदल्या जातात. संसारांत आणि कचेरींत झालेल्या निवडींची अशी वही कोणी ठेवीत नाहीं.

जुन्नर-आंबेगाव भागांत, पिंपरी पेंढारसारख्या गांवांच्या यात्रांच्या दिवसांत, बैलगाड्यांच्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ठाऊक असेल, कीं येथील घाटांत गाडे एकमेकांशेजारीं धांवत नाहींत. प्रत्येक गाड्याची बारी निराळी होते आणि चढ किती सेकंदांत कापला यावर निकाल लागतो. बैल निवडतो तो गाडामालक. पैसा त्याचा, नांव त्याचें, आणि बैल ऐन घाटांत अडला तर हंसें होतें तेंहि त्याचेंच. म्हणून बैलाची पाठ, खूर आणि डोळा पारखतांना तो आपल्या मेहुण्याची भीड धरीत नाहीं. यावर कोणी म्हणेल, बैलास कोठें कोणी विचारतें? आक्षेप खरा आहे, आणि तो न्यायालयापर्यंत गेलाहि. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलाचा पक्ष बाजूस ठेवला तरी एवढें खरें, कीं येथें निवडणारा आणि नुकसान सोसणारा यांच्यामध्यें फार अंतर नाहीं. गाडामालक चुकतो, पण तो खोटें चुकत नाहीं.

आतां हें अंतर जेथें शक्य तितकें वाढविलें आहे असा एक व्यवसाय पाहूं. अमेरिका आणि कॅनडा या देशांत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचे धंदेवाईक संघ आहेत. त्यांत ‘जनरल मॅनेजर’ नांवाचा एक अधिकारी असतो. तो स्वतः खेळत नाहीं, खेळ शिकवीत नाहीं, पैसाहि त्याचा नसतो. कोणास घ्यावें, कोणास द्यावें आणि कोणाशीं किती वर्षांचा करार करावा हें ठरविणें एवढेंच त्याचें काम. न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाचे माइक मिलबरी हे अशा अधिकाऱ्यांत एक प्रसिद्ध नांव आहे, आणि तें कौतुकासाठीं प्रसिद्ध नाहीं. २००० सालीं त्यांनीं रॉबर्टो लुआँगो हा तरुण गोलरक्षक दुसऱ्या संघास देऊन टाकला व त्याच्या जागीं रिक डिपिएट्रो या नवख्या पोरास सर्व नव्या खेळाडूंत पहिला म्हणून निवडलें. पुढच्याच वर्षीं अलेक्सेय याशिन या एका खेळाडूसाठीं त्यांनीं झ्देनो चारा हा उंचापुरा बचावपटू आणि त्या वर्षींची दुसऱ्या क्रमांकाची निवड करण्याचा हक्क ओटावा संघाच्या पदरांत टाकला. याशिनशीं झालेला करार दहा वर्षांचा आणि ८ कोटि ७५ लक्ष डॉलरांचा होता. २००७ मध्यें त्या करारांतून सुटण्यासाठीं संघास पैसे मोजावे लागले. चारा २०११ मध्यें बॉस्टनचा कप्तान म्हणून अजिंक्यपदाचा चषक उंचावीत होता, आणि लुआँगो २०१९ पर्यंत गोल राखीत होता.

हें वाचून मिलबरींस मूर्ख ठरविणें सोपें आहे. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं: याशिन आल्यावर पहिल्याच हंगामांत, १९९४ नंतर प्रथमच, हा संघ बादफेरीच्या सामन्यांपर्यंत पोंचला. म्हणजे २००२ मध्यें जी निवड शहाणपणाची दिसत होती तीच २०११ मध्यें वेडेपणाची ठरली. निवड एकच, बदललें तें पाहणाराचें वर्ष. मग चूक कोठें होती? निकाल हा जर एकमेव साक्षीदार धरला तर प्रत्येक निवडीचा खटला अनंतकाळ चालूं राहील, कारण हा साक्षीदार दर चार वर्षांनीं आपली जबानी फिरवितो. माझ्या मतें निकालाकडे पाहण्यापूर्वीं निवडणारानें मनांत कोणता प्रश्न धरला होता तें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहण्यासाठीं आपणांस न्यूयॉर्कपर्यंत जाण्याची गरज नाहीं. आपल्याकडील क्रिकेटची शंभर-सव्वाशें वर्षांची वही उघडली म्हणजे पुरे.

निवडणारे चुकतात ते त्यांस गुण दिसत नाहींत म्हणून, असा आपला भाबडा समज असतो. बाळू पालवणकरांचें चरित्र हा समज पार पुसून टाकतें. १८७६ मध्यें धारवाडास, त्या काळच्या समाजानें अस्पृश्य मानलेल्या चांभार ज्ञातींत जन्मलेला हा पुरुष पुण्यास साहेबलोकांच्या क्लबाचें मैदान राखतां राखतां, सरावासाठीं त्यांस चेंडू टाकतां टाकतां, आपल्या काळचा पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदु क्लबानें त्यांस संघांत घेतलें. मात्र विश्रांतीच्या वेळीं त्यांचा चहा तंबूबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यांत दिला जाई. पुढें मुंबईच्या हिंदु संघांत ते आले. १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं जो हिंदी संघ इंग्लंडास गेला, त्या दौऱ्यांत इतरांचीं बहुतेक नांवें आज कोणास आठवत नाहींत; बाळूंनीं ११४ बळी घेतले. एवढें होऊनहि हिंदु संघाचें अधिकृत कप्तानपद त्यांस कधींहि मिळालें नाहीं.

निवडणारांस बाळूंची योग्यता दिसत नव्हती काय? स्वच्छ दिसत होती. दिसत होती म्हणूनच सामना हातचा जाऊं लागला कीं चेंडू त्यांच्या हातीं दिला जाई. परंतु ‘संघ चालविण्यास समर्थ कोण?’ हा प्रश्न बैठकीपुढें ठेवून मंडळी उत्तर देत ती निराळ्याच प्रश्नाचें: कोणाच्या हाताखालीं खेळलों असतां आम्हांस कमीपणा येणार नाहीं? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं अगदीं बिनचूक दिलें, हीच तर खरी शोकान्तिका आहे. आणि हें अन्यायाचें आहे हेंहि त्या काळीं कळत नव्हतें असें नाहीं. १९१३ मध्यें कप्तान झालेले एम. डी. पै यांनीं सत्काराच्या प्रसंगीं उघडपणें बोलून दाखविलें, कीं हा मान वास्तविक बाळूंस मिळावयास हवा होता. मान घेतल्यावर असें बोलणें थोडेंफार सोपें असतें हें खरें. तथापि त्या पंक्तींत बसलेल्या किती जणांस तेवढेंहि साधलें? १९२० मध्यें प्रकरण विकोपास गेलें. बाळूंस वगळण्यांत आलें आणि त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें. त्यानंतर बाळूंस उपकप्तान करण्यांत आलें, आणि १९२३ मध्यें विठ्ठल पालवणकर कप्तान झाले. त्या वर्षीं हिंदु संघानें युरोपियनांवर विजय मिळविला. विजय मिळाला नसता तरी ती निवड योग्यच ठरली असती. हें मुद्दाम सांगावें लागतें, कारण अन्याय दूर केल्याबद्दल लगेच व्याज मागण्याची आपणांस खोड आहे.

जातीच्या जागीं पैसा आणि पदवी ठेवली कीं १९३६ च्या दौऱ्याचें चित्र तयार होतें. विजयानगरमचे महाराजकुमार या वर्षीं हिंदी संघाचे कप्तान म्हणून इंग्लंडास गेले. क्रिकेटवर त्यांनीं सढळ हातानें पैसा खर्चिला होता. १९३०-३१ च्या हिवाळ्यांत हॉब्ज आणि सटक्लिफ यांसारखे खेळाडू त्यांनीं आपल्या खर्चानें हिंदुस्थानांत आणले. हें ऋण कोणीहि नाकारणार नाहीं. पण ज्या संघांत कर्नल सी. के. नायडू होते त्याचें नेतृत्व त्यांच्याकडे जावें हें त्या ऋणांतून निष्पन्न होत नाहीं. तीन कसोटी सामन्यांत त्यांच्या धांवा झाल्या एकंदर ३३. लाला अमरनाथ ऐन भरांत खेळत असतांना पहिल्या कसोटीपूर्वींच त्यांस शिस्तभंगाच्या आरोपावरून परत धाडण्यांत आलें. मालिका गेली, महाराजकुमारांस मात्र त्याच दौऱ्यांत ‘सर’ ही पदवी मिळाली. पुढें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ति बोमाँट यांच्या समितीनें १९३७ च्या जानेवारींत अमरनाथांस दोषमुक्त केलें आणि कप्तानाच्या कारभारावर ठपका ठेवला. येथें मंडळानें स्वतःस विचारलेला प्रश्न ‘उपकाराची फेड कशी करावी?’ हा होता. प्रश्न वाईट नाहीं. परंतु त्याचें उत्तर देण्यासाठीं दुसऱ्या माणसांचा उन्हाळा खर्चीं घालण्याचा अधिकार मंडळास कोणीं दिला?

याच्या उलट उदाहरण चारच वर्षांपूर्वींचें आहे. १९३२ मध्यें कप्तान म्हणून गेलेले पोरबंदरचे महाराज हे खेळाडू म्हणून यथातथाच होते, आणि मौज अशी, कीं तें त्यांस ठाऊक होतें. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीच्या वेळीं ते बाजूस राहिले व संघ नायडूंच्या हातीं गेला. त्या दौऱ्यांतल्या त्यांच्या धांवा थट्टेचा विषय झाल्या आहेत. पण न खेळण्याचा जो निर्णय त्यांनीं घेतला त्याची तोड पुष्कळांच्या शतकांस नाहीं.

कधींकधीं जात, पैसा, उपकार यांपैकीं कांहीं नसतें. असतो तो केवळ संस्थेचा ताठा. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वीं विनू मांकड यांस लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबाकडून बोलावणें आलें होतें. आपली निवड होणार असेल तर तसें आगाऊ सांगावें, म्हणजे आपण हा पोटापाण्याचा करार सोडूं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. मंडळानें हमी दिली नाहीं. हमी कोणासहि देऊं नये हा नियम म्हणून वाईट नाहीं. परंतु ज्याच्यावांचून संघ उभा राहत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे, त्यास तें सांगण्यानें कोणता नियम बाटला असता? मांकड हॅसलिंग्डनला गेले. जूनमध्यें लीड्सच्या पहिल्या कसोटींत दुसऱ्या डांवांत फलकावर एकहि धांव लागण्यापूर्वीं आपले चार गडी बाद झाले, आणि मग मंडळानें त्याच क्लबाकडे मांकडांस सोडण्याबद्दल शब्द टाकला. लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ आणि १८४ धांवा काढल्या. इंग्लंडच्या पहिल्या डांवांत ७३ षटकें टाकून पांच बळी घेतले. सामना आपण आठ गड्यांनीं हरलों. तरीहि तो सामना मांकडांच्या नांवानें ओळखला जातो. ज्या टेबलावर हमी नाकारली गेली तें टेबल मात्र आज कोणाच्या स्मरणांत नाहीं, आणि निवडणाराच्या धंद्यांतील खरी सोय ती हीच. १९५८-५९ मध्यें वेस्ट इंडीजविरुद्ध पांच कसोट्यांत आपण उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि अधिकारी असे चार कप्तान केले. मद्रासच्या कसोटीच्या तोंडावर संघांत कोणास घ्यावें या वादावरून उम्रीगरांनीं पद सोडलें होतें. त्या मालिकेचा दोष चौघांत इतका बारीक वांटला गेला, कीं ज्यांनीं चौघांस नेमलें त्यांच्या वांट्यास कांहींच उरलें नाहीं.

आतां ज्या निवडीचें आपण सर्वांत अधिक कौतुक करतों तिच्याकडे वळूं. १९७१ च्या जानेवारींत निवड-समितींत मतें समसमान पडलीं, आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनीं आपलें निर्णायक मत टाकून मन्सूर अलीखान पतौडी यांच्या जागीं अजित वाडेकर यांस कप्तान केलें. त्या वर्षीं वेस्ट इंडीजमध्यें आणि नंतर इंग्लंडमध्यें आपण प्रथमच मालिका जिंकल्या. मर्चंटांच्या दूरदृष्टीचे पोवाडे गायिले गेले. परंतु एक नको असलेली आठवणहि लोक काढीत. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यांत कप्तान होते थोरले पतौडी, आणि मर्चंट उपकप्तान. त्या दौऱ्यांत दोन हजारांवर धांवा काढणाऱ्या मर्चंटांच्या मनांत पंचवीस वर्षें कांहीं सलत राहिलें नसेल कशावरून? यास उत्तर नाहीं. मला स्वतःला तसें वाटत नाहीं. वाडेकरांची मुंबईच्या संघांतील कामगिरी आणि त्यांचा शांत, हिशेबी स्वभाव ही कारणें मला पुरेशीं वाटतात. पण माझ्या वाटण्यास पुराव्याची किंमत नाहीं. आणि लक्षांत घेण्यासारखें हें आहे, कीं ओव्हलवर चंद्रशेखरनें ३८ धांवांत सहा बळी घेतले त्यामुळें मर्चंटांच्या हेतूबद्दल कांहींच सिद्ध होत नाहीं. विजयानें निवड धुऊन निघते, हेतु निघत नाहीं. वाडेकरांचा संघ दोन्ही मालिका हरला असता तर तोच हेतु, तोच कागद आणि तेंच मत घेऊन मर्चंट आज सूडबुद्धीचे म्हणून ओळखले गेले असते. मर्चंटांच्या बाजूनें निःसंशय सांगतां येण्यासारखी गोष्ट एकच: तें मत कोणाचें हें सर्व देशास ठाऊक होतें. बुडालें असतें तर कोणाच्या नांवावर बुडालें असतें याविषयीं शंका नव्हती. समितीच्या पडद्याआड लपण्याची सोय असूनहि ते उघड्यावर उभे राहिले, आणि गाडामालकाशीं त्यांचें जें थोडेंफार साम्य आहे तें येथें आहे.

तीन वर्षांनीं, १९७४ मध्यें, वाडेकरांचाच संघ इंग्लंडमध्यें तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर एक डांव ४२ धांवांत आटोपला. १९७१ च्या विजयाचें स्मारक म्हणून इंदूरास उभारलेल्या प्रचंड बॅटीची संतप्त लोकांनीं विटंबना केली. वाडेकरांस पश्चिम विभागाच्या संघांतूनहि वगळण्यांत आलें, आणि ते खेळांतून निवृत्त झाले. ज्या मनुष्यास एका उन्हाळ्यानें देव केलें त्यास दुसऱ्या उन्हाळ्यानें घरीं बसविलें. दोन्ही वेळां निवडणारांनीं स्वतःची अशी बुद्धि खर्च केली नाहीं, धांवफलकाची उसनी घेतली.

एवढें सर्व लिहून झाल्यावर एक प्रकार उरतो, आणि तो मला सर्वांत अधिक छळतो. जात नाहीं, पैसा नाहीं, ताठा नाहीं, सूड नाहीं. निवडणारानें योग्य प्रश्न विचारला आणि त्याचें योग्य उत्तर दिलें, तरी कोणाचें तरी आयुष्य त्या उत्तराखालीं सांपडलें. पद्माकर शिवलकर मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनीं ५८९ बळी घेतले, तेहि प्रत्येकीं वीसांहून कमी धांवा देऊन. एकहि कसोटी त्यांस खेळावयास मिळाली नाहीं, कारण त्याच काळीं, त्याच हाताचे बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोएल यांची कथा हीच. त्यांचे बळी ७५०. बेदींस निवडणें ही चूक होती असें कोणताहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. मीहि म्हणत नाहीं. पण चूक नव्हती म्हणून हानि झाली नाहीं असें म्हणण्याचा जो मोह होतो, तो मात्र निवडणाराच्या खुर्चींत बसणारास फार लवकर जडतो. ‘आम्ही नियमानें केलें’ या वाक्यानें निवडणाराचें ऋण फिटत असेल. निवड न झालेल्याचें येणें फिटत नाहीं. पालवणकर बंधूंस निदान भांडण्यासाठीं समोर कोणी तरी होतें. शिवलकरांनीं कोणाशीं भांडावें? बेदींशीं कीं काळाशीं?

अशा ठिकाणीं निवडणाराच्या हातीं देण्यासारखें थोडेंच असतें: समोर बसवून कारण सांगणें, खोट्या आशेवर वर्षानुवर्षें न ठेवणें, आणि वगळलेला मनुष्य कमी प्रतीचा होता असा समज पसरूं न देणें. शेवटची गोष्ट मंडळानें नव्हे, एका खेळाडूनें केली. सुनील गावसकर यांनीं १९८३ मध्यें आपल्या आवडत्या खेळाडूंवर जें पुस्तक लिहिलें त्यांत जगांतील नामवंतांच्या पंक्तीस शिवलकर आणि गोएल या दोघांसहि बसविलें. नियामक मंडळाकडून या दोघांस सी. के. नायडूंच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार देण्यांत आला तो २०१७ मध्यें. त्या वेळीं शिवलकर ७६ वर्षांचे होते.